कानावर पडायचं बंद झालं, आता काय?

घरून किंवा दुरून काम करणाऱ्या सॉफ्टवेअर टीमांमधल्या संवादाबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ इथे घेतली आहेत. एकाच तक्रारीची पत्रं एकत्र केली आहेत, म्हणून काही प्रश्न मूळ पत्रांपेक्षा लांब वाटतील.

प्रश्न : आमची नऊ जणांची टीम. चार जण पुण्यात, तिघं कोल्हापूर-सांगलीत, दोघं बंगळूरला. ऑफिसात होतो तेव्हा दहा मिनिटांचं स्टँडअप (रोजची उभ्या-उभ्या होणारी छोटी बैठक) पुरायचं. आता रोज पाऊण तास जातो, शिवाय दुपारी एक ‘सिंक’ आणि संध्याकाळी ‘क्विक कॉल’. एवढं करूनही कुणी काय बदललं ते प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या वापरातल्या सिस्टिमवर, गेल्यावरच इतरांना कळतं. मीटिंगा आणखी वाढवाव्यात का?
— टीम लीड, कोथरूड

उत्तर : वाढवू नका. नऊ जणांचा पाऊण तास म्हणजे रोजचे पावणेसात तास. जवळजवळ एका माणसाचा आख्खा दिवस त्या एका कॉलवर जातोय.

ऑफिसात माहिती पसरवण्याचं काम मुळात स्टँडअप करतच नव्हतं, शेजारच्या टेबलावरचं बोलणं करत होतं. “पेमेंटच्या टेबलात एक कॉलम वाढवतोय रे,” असं एक जण दुसऱ्याला म्हणायचा आणि तिसरा खुर्ची वळवून म्हणायचा, “थांब, माझा रिपोर्ट त्याच्यावरच चालतो.” त्या तिसऱ्याला कुणी बोलावलेलं नसायचं, त्याच्या फक्त कानावर पडायचं. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोजून १९७७ मध्ये मांडलं होतं, की अंतर वाढत तीसेक मीटरवर गेलं की बोलणं झपाट्याने घटतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० च्या पहिल्या सहामाहीतली आपल्याच ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांची नोंद तपासली, तेव्हा दुसऱ्या गटांतल्या लोकांबरोबर जाणारा वेळ सुमारे पाव हिश्शाने कमी झालेला दिसला. गट आतल्या आत घट्ट झाले आणि बाहेरचे धागे सुटले. तुमच्याकडे सुटलाय तो धागाही खुर्ची वळवणाऱ्या त्या तिसऱ्या माणसाचाच आहे. पाऊण तासाच्या कॉलमध्ये तो सापडणार नाही, कारण तिथे आठ जण म्यूटवर दुसरं काम करत असतात.

आधी रोजची खबर लेखी करा. सकाळी साडेदहापर्यंत प्रत्येकाने एकाच ठरलेल्या चॅनेलमध्ये तीन ओळी टाकायच्या. दुसऱ्याला लागेल असं मी काय बदललं किंवा बदलणार आहे, कुठे आणि कुणामुळे अडलंय, आज संध्याकाळपर्यंत काय हातावेगळं होईल. “काल १४२३ वर काम केलं, आजही १४२३” ही नुसत्या कामाच्या क्रमांकाची ओळ कुणाच्याच उपयोगाची नाही. “१४२३ : ऑर्डर टेबलात ‘रद्द-कारण’ हा कॉलम येतोय, बुधवारी मुख्य कोडमध्ये मर्ज होईल. जुन्या रांगांत तो रिकामा असेल. रिपोर्टवाल्यांनी रिकामं मूल्य सांभाळावं,” ही ओळ वाचून तिसऱ्याची खुर्ची वळते.

मग कॉल आठवड्यातून तीनदाच ठेवा, पंधरा मिनिटांचा, आणि त्यात फक्त अडलेल्या गोष्टी घ्या. स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही रोजच्या भेटीला पंधरा मिनिटांचीच मर्यादा आहे, आणि ‘काल काय, आज काय, अडचण काय’ हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत. आपल्याकडे मात्र ते अजून पाढ्यांसारखे म्हटले जातात.

तिसरी गोष्ट यंत्रावर सोपवा. गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवांत दोन्हीकडे ‘कोडओनर्स’ नावाची साधी फाइल ठेवता येते. कोणत्या फोल्डरची जबाबदारी कुणाकडे हे त्यात एकेका ओळीत लिहायचं. त्या फोल्डरमध्ये कुणी बदल सुचवला की गिटहबवर संबंधित माणसाला रिव्ह्यूची, म्हणजे कोड तपासण्याची, विनंती आपोआप जाते, गिटलॅबवर त्याचं नाव मंजुरी देणाऱ्यांत येतं. डेटाबेस मायग्रेशनच्या (टेबलांची रचना बदलणाऱ्या कोडच्या) फोल्डरवर रिपोर्ट लिहिणाऱ्याचं नाव टाका. प्रॉडक्शनवरचे तुमचे निम्मे धक्के तिथेच थांबतील. एकच काळजी घ्या. प्रत्येक ओळीवर लीडचंच नाव टाकलं तर सगळं तुमच्यापाशी तुंबेल.

हे फसतं कधी, तेही सांगतो. लेखी खबर ही लीडला दाखवायची हजेरी झाली की तीन आठवड्यांत लोक कालचा मजकूर चिकटवायला लागतात. म्हणून पहिला महिनाभर ‘अडलंय’ लिहिणाऱ्याला तासाभरात तिथेच उत्तर मिळालं पाहिजे, नाहीतर कुणी अडलेलं लिहिणारच नाही. बिल्डचे आपोआप येणारे संदेश त्याच चॅनेलमध्ये सोडू नका, माणसांचं लिहिणं त्यात बुडतं. आणि खासगी चॅटमध्ये होणारे निर्णय बाहेर आणा. दोघांनी हवं तिथे बोलावं, पण निर्णय तिसऱ्याच्या कोडला शिवत असेल तर चॅनेलमध्ये एक ओळ यायलाच हवी. आठवडाभर स्वतःचे संदेश मोजून पाहा. कामाचे निम्म्याहून अधिक खासगीत सापडले, तर सवयीची सुरुवात तुमच्यापासूनच करावी लागेल.

प्रश्न : पहिलीच नोकरी, आठ महिने झाले, पूर्ण घरून. सिनियरांना “हाय सर” असा मेसेज टाकतो. उत्तर कधी दोन तासांनी येतं, कधी येतच नाही. चॅनेलमध्ये सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटते. एकदा तर साध्या सेटिंगवर दीड दिवस गेला.
— एक फ्रेशर, जळगाव

उत्तर : “हाय सर” हा दार वाजवण्यासारखा मेसेज आहे. टेबलाजवळ उभे असता तर मान वर करून त्यांनी “बोल” म्हटलं असतं. स्क्रीनवर त्याचा अर्थ एवढाच होतो, की याला काहीतरी हवंय, काय ते माहीत नाही, आणि उत्तर दिलं तर अर्धा तास जाईल. म्हणून तो मेसेज मागे पडतो. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवा. आदर कमी होत नाही, सरांचा वेळ वाचतो.

प्रश्नात पाच गोष्टी असाव्यात : काय करायचंय, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं आणि किती तातडीचं आहे. असं काहीसं (ब्रँच म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत, मेन म्हणजे सगळ्यांची मुख्य प्रत) :

“नमस्कार सर. लॉगिनची टेस्ट माझ्या मशीनवर चालवतोय (ब्रँच : लॉगिन-फिक्स). काल संध्याकाळी मेन ओढून घेतल्यापासून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड, पोर्ट ५४३२’ असं येतंय. डेटाबेसचा कंटेनर चालू आहे हे तपासलं, एकदा बंद-चालूही केला. पूर्ण लॉग खाली जोडला आहे. पोर्ट बदललाय का? तीन वाजेपर्यंत कळलं तर आजच पूर्ण होईल, तोवर दुसरं तिकीट घेतो.”

लॉग मजकूर म्हणून चिकटवा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका. फोटोतली ओळ शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि बहुतेक वेळा नेमकी महत्त्वाची ओळ कडेला कापलेली असते. आणि मूळ काम सांगा. पुष्कळदा माणूस ‘स्ट्रिंगची शेवटची तीन अक्षरं कशी काढू’ विचारतो, त्याला हवं असतं फाइलचं एक्स्टेन्शन, आणि ते तीन अक्षरांचंच असेल असं नाही.

किती वेळ एकट्याने झगडायचं? साध्या अडचणीला अर्धा तास, नव्या विषयाला तासभर. घड्याळ लावूनच. वेळ संपली की विचारायचं, मग उत्तर अगदी जवळ आल्यासारखं वाटत असलं तरी. दीड दिवस जातो तो ‘अजून पाचच मिनिटं’ करत करतच.

लाजेबद्दल. चॅनेलमधला प्रश्न दहा जणांना दिसतो म्हणून संकोच वाटतो, पण त्या दहांतला जो मोकळा असेल तो उत्तर देतो. खासगीत विचारलं की एकाच माणसाच्या सवडीवर बसावं लागतं. शिवाय पुढचा फ्रेशर शोधेल तेव्हा त्याला तुमचाच प्रश्न सापडेल. अगदीच जमत नसेल तर पहिले पंधरा दिवस सरांना विचारा, “हे चॅनेलमध्ये टाकू का?” ते ‘हो’ म्हणाले की जबाबदारी वाटली जाते.

आता थोडं हे पत्र वाचणाऱ्या सिनियरांसाठी. एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. टीम एकाच इमारतीत बसत असताना कोडवर मिळणारे अभिप्राय सुमारे एक पंचमांशाने जास्त होते, आणि त्याचा मोठा वाटा नव्या, तरुण इंजिनिअरांना मिळत होता. सिनियरांचं स्वतःचं काम मात्र जवळ बसल्याने थोडं घटत होतं. म्हणजे दूर बसल्याचा फायदा सिनियरला आणि तोटा ज्युनियरला, असा हा सौदा आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही. रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेतीन ते सव्वाचार, एक उघडा कॉल चालू ठेवा. कुणी आलं नाही तर आपलं काम करत बसा. आठवड्यातून दोनदा तासभर जोडीने कोड लिहा, आणि कीबोर्ड ज्युनियरकडे द्या. स्क्रीन शेअर करून सिनियरनेच भराभरा टाइप केलं, तर समोरच्याला तो सिनेमाच असतो.

प्रश्न : आम्ही नागपुरात, क्लायंट कॅलिफोर्नियात. प्रत्येक प्रश्नाला एक दिवस जातो. शिवाय दर मार्चला आणि नोव्हेंबरला कॉलच्या वेळांचा गोंधळ होतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी गणित. कॅलिफोर्निया आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ. दोन्हीकडच्या नेहमीच्या कामाच्या वेळा एकमेकींना कुठेच शिवत नाहीत. कुणातरी एकाला आपली वेळ मोडावीच लागते, आणि ती कायम नागपूरनेच मोडायची असा कुठे नियम नाही. एक महिना आपली रात्र, पुढचा महिना त्यांची संध्याकाळ, अशी पाळी मागून पाहा. आपले सकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा किंवा सात, फार अवघड वेळ नाही.

घड्याळ आपल्याकडे बदलत नाही. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे लंडन किंवा जर्मनीही तुमच्या कॉलवर असेल, तर मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा तिन्ही ठिकाणांचं गणित नेहमीपेक्षा वेगळं पडतं. कॅलेंडरचं आमंत्रण कुणाच्या टाइमझोनमध्ये बनवलं आहे तेही बघा. भारतीय वेळेत बनवलं असेल तर क्लायंटची वेळ सरकते, अमेरिकी वेळेत बनवलं असेल तर तुमची. कुणाची सरकावी हे एकदा ठरवा आणि आमंत्रण त्याच्या उलट बाजूच्या वेळेत बनवा. लिहिताना ‘ईओडी’ (दिवसअखेर) लिहू नका, “मंगळवार, भारतीय वेळ संध्याकाळी सहा” असं लिहा.

आता दिवस जाण्याबद्दल. तुम्ही सकाळी अकराला विचारता, ते रात्री उत्तर देतात, तुम्ही दुसऱ्या दिवशी वाचता. तीन फेऱ्यांचा प्रश्न असेल तर तीन दिवस. फेरी लवकर होणार नाही, पण फेऱ्या कमी करता येतात. प्रश्नासोबत पुढची वाट लिहा : “परताव्याची रक्कम करासह दाखवायची की कराशिवाय? करासह धरून आज काम सुरू करतोय. कराशिवाय हवी असेल तर ‘ब’ एवढंच कळवा, उद्या दोन तासांत बदलता येईल. वेगळंच काही असेल तर उद्याच्या कॉलमध्ये घेऊ.” उत्तर आलं नाही तरी काम थांबत नाही, आणि उत्तर द्यायला समोरच्याला एक अक्षर पुरतं. फक्त परत फिरवता न येणाऱ्या गोष्टींना, म्हणजे डेटा पुसणं, ग्राहकांना मेल जाणं, पैसे कापणं यांना, ही युक्ती लावू नका. तिथे दिवस गेला तरी थांबायचं.

काम रात्री तिकडे सोपवत असाल तर निरोपात ब्रँचचं नाव, शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल), कोणत्या टेस्ट आत्ता फेल आहेत आणि त्यातल्या कोणत्या आधीपासूनच फेल होत्या, पुढचं नेमकं पाऊल, आणि ‘याला हात लावू नका’ अशी एक ओळ हवी. ही शेवटची ओळ लोक विसरतात. मग सकाळी उठून बघावं तर तिकडच्याने मदत म्हणून अर्धवट मायग्रेशन पुरं करून टाकलेलं असतं.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये आहे, माझी टीम पुण्यात. मी स्वतः मराठी, तरी मला कळत नाही. कॉलवर सगळे “येस, शुअर” म्हणतात आणि आठवड्याने काहीच झालेलं नसतं. माझ्या जर्मन सहकाऱ्यांना तर वाटतं, की पुण्याची माणसं खोटं बोलतात.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : खोटं कुणी बोलत नाहीये. आपल्या ‘हो’मध्ये तीन अर्थ असतात : ऐकलं, समजलं, आणि करतो. समोरासमोर यातला कोणता ते चेहऱ्यावरून आणि ‘हो’च्या लांबीवरून कळतं. कॉलवर तिन्ही सारखेच ऐकू येतात. “आय विल ट्राय” म्हणजे पुष्कळदा ‘नाही होणार, पण तुमच्या तोंडावर कसं सांगू’. जर्मन माणूस त्याचा सरळ अर्थ घेतो, की प्रयत्न होणार. उलट, पुण्यातल्या मुलाने “आय हॅव अ डाउट” म्हटलं की त्याला साधी शंका विचारायची असते. आपण शाळेपासून शंकेला ‘डाउट’च म्हणतो. जर्मन किंवा अमेरिकी कानाला ते ‘मला तुमचं म्हणणं पटत नाही’ असं ऐकू येतं. तुम्ही दोन्ही बाजू ओळखता, तेव्हा हे दोन शब्द तरी जर्मन सहकाऱ्यांना समजावून सांगा.

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारणं बंद करा, त्याचं उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी कॉल संपल्यावर काम घेणाऱ्यालाच चार ओळी लिहायला सांगा : काय करणार, पहिलं पाऊल कोणतं, कधीपर्यंत, आणि काय आड येऊ शकतं. शेवटचा प्रश्न नेमका असाच विचारा. ‘काही अडचण?’ला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. ‘आड काय येऊ शकतं?’ला काहीतरी सांगावंच लागतं, आणि तिथे खरं बाहेर येतं : “पुढच्या आठवड्यात दोघं रजेवर आहेत,” किंवा “स्टेजिंगचा (चाचणीच्या सर्व्हरचा) ॲक्सेसच नाही.”

दुसरं असं, की पुण्याच्या लीडसमोर आणि तुमच्यासमोर ज्युनियर ‘हे डिझाइन चालणार नाही’ असं कॉलवर म्हणणार नाही. दोन पानांचा मसुदा एक दिवस आधी पाठवा आणि शेरे लेखी मागवा. लिहिताना तोच ज्युनियर तुमच्या मसुद्यातली चूक ओळीवर बोट ठेवून दाखवतो. आधी वाचलं जात नसेल तर मीटिंगची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचायची. ॲमेझॉनमध्ये हा रिवाज आहे, आणि त्याच्यामागचं कारण साधं आहे : घरी वाचून येतो म्हणणारे वाचून येत नाहीत.

प्रश्न : कोड रिव्ह्यूमधले शेरे फार लागतात. “व्हाय?” एवढंच लिहिलेलं असतं. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला बदल) पाच-पाच दिवस पडून राहते आणि मग एकदम चाळीस शेरे येतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चाळीस शेरे येतात कारण बदल मोठा असतो, आणि पाच दिवस पडून राहतो तोही त्याच कारणाने. एवढं मोठं ताट पाहून कुणी हात घालत नाही. गुगलने रिव्ह्यूबद्दलचे आपले नियम सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यांच्या मते शंभर ओळींचा बदल साधारण बरा, हजार ओळींचा बहुधा फारच मोठा, आणि पहिलं उत्तर जास्तीत जास्त एका कामाच्या दिवसात मिळालं पाहिजे. आकार तुमच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा. नाव बदलणं, फाइल हलवणं आणि वागणूक बदलणं या तीन वेगळ्या पीआर करा.

शेरे देणाऱ्यांसाठी : प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला त्याचं वजन लिहा. ‘अडतंय’, ‘प्रश्न’, ‘निट’. निट म्हणजे बारीकसारीक, नाही केलं तरी चालेल. “व्हाय?” हा खरोखर प्रश्न आहे की राग, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि घरी एकटा बसलेला माणूस तो रागच धरतो. “इथे लॉक का नाही घेतला?” याऐवजी “इथे लॉक नसेल तर दोन रिक्वेस्ट एकदम आल्यावर शिल्लक चुकेल” असं लिहिलं की बोलणं माणसाकडून कोडकडे वळतं. एकाच शेऱ्यावर दोनदा जा-ये झाली की लिहिणं थांबवून दहा मिनिटांचा कॉल करा, आणि काय ठरलं ते त्याच थ्रेडमध्ये एका ओळीत नोंदवा. ही ओळ नसेल तर तिसरा रिव्ह्यूवाला तोच वाद पुन्हा उकरतो.

प्रश्न : आमच्यातले पाच जण हिंजवडीच्या ऑफिसात, एक चेन्नईहून आणि एक घरून. कॉन्फरन्स रूममध्ये चर्चा रंगते, बाहेरचे दोघं गप्प असतात. लॅपटॉप उघडले की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते.
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : शिट्टी येते कारण एका लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो आणि फिरत राहतो. प्रत्येक लॅपटॉप स्वतःच्या स्पीकरचा प्रतिध्वनी काढू शकतो, शेजाऱ्याच्या नाही. खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू ठेवा, शक्यतो टेबलाच्या मधोमध ठेवायचा स्पीकरफोन. बाकीच्या लॅपटॉपांवर माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, फक्त कॅमेरा चालू, म्हणजे बाहेरच्यांना पाच ठिपके दिसण्याऐवजी पाच चेहरे दिसतील. खोली नसेल तर सगळ्यांनी आपापल्या जागी हेडसेट लावून बसावं. वायरचा हेडसेट बरा. बहुतेक ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की आवाजाची प्रत खाली येते, वर थोडा उशीरही लागतो.

बाहेरचे गप्प का, याचं अर्धं उत्तर या उशिरातच आहे. दहा भाषांतली संभाषणं मोजणाऱ्या २००९ च्या अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी पाव सेकंदाच्या आतच वेळ लागत होता. फोनच्या जाळ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका बाजूने जाणारा आवाज १५० मिलिसेकंदांत पोचावा असं म्हटलंय. तुम्हाला फट ऐकू येते, चेन्नईवाला तोंड उघडतो, त्याचा आवाज पोचेपर्यंत खोलीतल्या कुणीतरी फट भरलेली असते. दोनदा असं झालं की तो नाद सोडतो. म्हणून खोलीतल्या एकाला फक्त बाहेरच्यांवर लक्ष ठेवायचं काम द्या. वर झालेला हात, चॅटमधली ओळ हे त्याने बघायचं, आणि प्रत्येक विषयावर आधी बाहेरच्यांचं मत घ्यायचं.

उरलेलं अर्धं उत्तर जरा नाजूक आहे. चर्चा रंगते तेव्हा ती बहुधा मराठीत रंगते. चेन्नईच्या माणसाला हसू ऐकू येतं, विनोद कळत नाही, आणि त्या हशातच एखादा निर्णय होऊन जातो. मराठी बोला, जरूर बोला, पण मीटिंग चालू असताना नको.

प्रश्न : जुन्या कोडमध्ये एखादी गोष्ट अशी का केली हे विचारायला ज्याच्याकडे जावं, तो नोकरी सोडून गेलेला असतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली निर्णय-नोंद वापरा. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक-दोन पानांची फाइल, कोडच्याच रेपॉझिटरीत (साठ्यात), क्रमांक घालून. मथळा, स्थिती, परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम. निर्णय बदलला तर जुनी फाइल पुसायची नाही, ‘अमुक क्रमांकाने बदलला’ असं लिहून ठेवायची. आमची एकच भर : ‘काय नाकारलं आणि का’ हेही लिहा, कारण नवा माणूस पहिल्याच आठवड्यात तीच नाकारलेली कल्पना घेऊन येतो. छोट्या निर्णयांसाठी कमिटचा मजकूर पुरतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल (गाभा) १९९१ पासून एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या माणसांनी ईमेलवर उभा केला. तिथे काय बदललं ते कोडच सांगतं आणि का बदललं ते कमिटमध्ये परिच्छेदच्या परिच्छेद लिहून सांगतात. ‘फिक्स्ड इश्यू’ एवढ्यावर पॅच (सुचवलेला बदल) परत येतो.

प्रश्न : मॅनेजर चॅटवर ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका बघतात. रात्री अकराला मेसेज येतात. शिवाय आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, तेव्हा तर चोरी पकडल्यासारखं विचारतात. काय करावं?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ठिपका माऊस हलतोय एवढंच सांगतो. कागदावर डिझाइन काढणारा पिवळा दिसतो आणि क्रिकेट बघणारा हिरवा. ज्या मॅनेजरला काम दिसत नाही तो ठिपका बघतो, म्हणून पहिल्या उत्तरातल्या तीन ओळी एकतर्फीच सुरू करा. ते महिनाभर टिकलं की ठिपक्याची चौकशी बहुधा कमी होते.

रात्रीच्या मेसेजबद्दल कायद्याचा आधार आत्ता शोधू नका. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कात नसण्याचा हक्क २०१७ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर टीमपुरतं ठरवून घ्या : रात्री सुचलेलं लिहावं, पण सकाळी साडेनऊला जाईल असं शेड्यूल करावं. खरंच आग लागली असेल तर मेसेज नाही, फोन. फोन आला म्हणजे तातडीचं, एवढं पक्कं झालं की बाकीचे मेसेज सकाळपर्यंत न वाचता ठेवता येतात.

विजेचं सोपं आहे. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना आदल्या दिवशी आली तर ती वेळ कॅलेंडरवर टाका, आयत्या वेळी सांगितलं की सबब वाटते. फायबरचा डबा आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेताना ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळतात ना, आणि डबा-राउटर वेगळे असतील तर यूपीएसला दोन वायरी निघतात ना, हे पाहा. सोसायटीतली फायबरची पेटीच विजेवर असेल तर घरचा यूपीएस उपयोगाचा नाही, मोबाइलचं हॉटस्पॉट आधी एकदा कॉलवर चालवून बघा. आणि अचानक गेलीच तर फोनवरून टीमला तीन गोष्टी कळवा : कधीपर्यंत नसेन, माझं कोणतं काम कुणाला अडवतंय, आणि अर्धवट कोड कोणत्या ब्रँचवर ढकललेला आहे. ढकललेला नसेल, तर लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर हॉटस्पॉटवरून आधी तो ढकला.